बाहेरची कडी

माझा रोग असा आहे की शरीराला आपलेच सांधे परके वाटतात आणि ते त्यांच्यावर चालून जातं. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलंय. आमच्या घरात नुसतं ‘हात’ म्हणतात. आज हात कसे आहेत? सकाळी ते लाकडाचे असतात. मूठ वळत नाही, नळ फिरत नाही, चहाचा कप दोन्ही तळव्यांत दाबून धरावा लागतो.

म्हणून विरारच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी बाथरूमला आतून कडी लावत नाही. दारावर टॉवेल टाकलेला असला की आत मी आहे, एवढं घरात ठरलेलं.

सासूबाई मदतीला कोकणातून आल्या होत्या आणि रविवारी परत जाणार होत्या. त्यानंतर नवरा कामावर गेला की दिवसभर मी एकटी. त्याला ते पटत नव्हतं. “दिवसभराची बाई ठेवू, नाहीतर तू आईबरोबर गावी जा,” हे त्याचं पालुपद. मला दोन्ही नको होतं. आपल्याच घरात कुणाच्या तरी नजरेखाली दिवस काढायचे, या विचारानेच माझं डोकं फिरायचं. सासूबाईंना मी बजावलं होतं, “हा आठवडा तुम्ही घरात नाहीच असं समजा. माझं मला करून बघू दे.”

गुरुवारी नवरा गेल्यावर मी दूध मंद आचेवर ठेवलं, टॉवेल दारावर टाकला आणि बादलीतल्या गरम पाण्यात हात बुडवून स्टुलावर बसले. बोटं सुटायला तेवढा एकच उपाय. आत काही आवाज नव्हता. बाहेर सासूबाईंची पावलं वाजली, टॉवेल सरकला आणि खट्कन बाहेरची कडी लागली. पाठोपाठ मुख्य दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

गावी त्यांची न्हाणी परसात आहे. उंदीर, साप-किरडू आत शिरू नये म्हणून येता-जाता कडी लावायची, ही त्यांची जन्माची सवय.

मी हाका मारल्या, दार ढकललं. तेवढ्यात दूध उतू जाऊन ओट्यावर चर्रर्र झालं, शेगडी विझली असणार. आधी दूध करपल्याचा वास आला आणि थोड्या वेळाने गॅसचा. मूठच वळत नाही तर दार कसं बडवणार? मी कोपरांनी ठोकत राहिले. खिडकीतून डक्टमध्ये ओरडले, तर खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी चालू. घाबरले होते, पण त्याहून जास्त संतापले होते. आता नवऱ्याचंच खरं होणार होतं.

मग मुख्य दारात किल्ली फिरली. आमचं स्वयंपाकघर अंधारं आहे. घरात शिरल्या शिरल्या सासूबाई आधी दिवा लावतात.

“आई, बटणाला हात लावू नका. गॅस सुटलाय.”

काहीच ऐकू येईना. मग शेगडीची कळ फिरली, खिडकी उघडली आणि शेवटी कडी. दारात त्या कोथिंबिरीची जुडी छातीशी धरून उभ्या होत्या. “अगो, ओला म्हणून टॉवेल वाळत घालायला घेतला,” त्या म्हणाल्या, “आणि हात आपसूक गेला कडीकडे.”

रात्री नवरा घरात येताच करपलेल्या दुधाच्या वासाने थबकला. “काय झालं?” मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “कडी मी लावली. ती एकटी असती तर काही झालंच नसतं. रविवारी मी जाते. ती राहील हितं.” जेवणाआधी स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याने कडी काढून टाकली.

मला हवं होतं ते मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी गॅस बंद आहे ना ते पुन्हा पुन्हा बघून मी बाथरूममध्ये शिरले. दाराला कडीच्या जागी नुसती भोकं. पाण्यात हात घातले. बाहेर सासूबाईंची बॅग भरायची खुडबुड चालू होती, ती थांबली. मी पाण्यातून हात काढले.

“आई,” मी आतून विचारलं, “आहात ना?”

“आहे गो.” आवाज अगदी दाराला लागून आला. त्या तिथे कधी येऊन बसल्या होत्या कुणास ठाऊक. मला रडू आलं. रविवार परवावर आला होता.