उपाशी म्हणजे उपास नव्हे

बाबांनी एकदा रक्त तपासून घ्यावं म्हणून मी वर्षभर फोनवर घसा कोरडा केला. सत्तरी आली, आजोबांना मधुमेह होता, बघून तर घेऊ. ते तेल्हाऱ्याला, मी अकोल्यात. दर वेळी उत्तर एकच, "मले काय झालं? धडधाकट मानसाले कायले सुई टोचून राहिली?" शेवटी नातीची शपथ घातली तेव्हा कबूल झाले. मी बजावून सांगितलं, "बाबा, सकाळी उपाशी या. एकदम उपाशी."

आई सोबत आली ती त्यांची पिशवी धरायला. एसटी स्टँडवरून निघताना तिची एक चप्पल मागेच राहिली आणि ती तशीच चालत राहिली. बाबा नेहमीसारखे पुढे. वळून खेकसले, "लक्ष कुठी असते वं तुहं? पायात चप्पल नाही, तेबी समजत नाही?" मी चप्पल आणून दिली. लॅबला उशीर होत होता.

तिथल्या मुलीने बाबांच्या दंडाला पट्टा बांधला आणि सहज विचारलं, "काका, काही खाल्लं नाही ना?"

"नाही. उपास हाये न आज. साबुदाण्याची उसळ खाल्ली, दोन केळं अन् चहा."

तिने पट्टा सोडला.

"बाबा, मी उपाशी म्हटलं होतं. उपास नाही."

"उपासच तं केला. उसळ चालते उपासाले."

आता यांच्यापुढे कोणी डोकं फोडावं? मी सुट्टी घेतली, हातापाया पडून यांना आणलं, आणि हे महाशय दाण्याचा कूट घातलेली उसळ चापून आले होते. वर मलाच शिकवत होते. मला इतका संताप आला की रडूच फुटायचं बाकी होतं.

आई हळूच म्हणाली, "मी नाही खाल्लं काही. एसटीत मयमयते मले, उलटी होते."

"मग हिचंच घ्या," मी वैतागून म्हटलं. "खेप तरी वाया नको जायला." तिच्या तपासणीचा विषय आमच्या घरात कधी निघालाच नव्हता.

दुपारी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. साखर भलतीच वाढलेली होती. ही आजची नाही, बरीच जुनी दिसते, असं ते म्हणाले. मग त्यांनी आईला निजवलं, डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा बारीक धागा तिच्या तळपायाला ठिकठिकाणी टेकवू लागले. कळलं की सांगा, म्हणाले. आई डोळे मिटून पडली होती. धागा टेकत होता, मी बघत होते.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "केव्हा लावता जी?"

बाबांचा चेहरा उतरला. पायाला जखम झाली तरी यांना कळणार नाही, रोज तळपाय बघत जा, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं.

बाहेर आल्यावर म्हणाले, "आज मुक्काम करतो. उद्या मीबी रगत देतो. पानीबी नाही पेत."

"पाणी चालतं, बाबा."

"नाही पेत म्हटलं न."

मी कपाळावर हात मारला. रस्त्याला लागलो, तर बाबा पुढे दिसेनात. वळून पाहिलं. मान खाली घालून, आईच्या चपलांवर नजर ठेवून ते तिच्या मागून येत होते.

आई थांबली. "कावून मांगं मांगं येऊन राहिले? समोर चाला न."

ते काही समोर गेले नाहीत.