कमरेचा पट्टा

माझी पोलीस भरती लाजेपायी गेली. कुणी विचारलं तर मी सांगते, "दुखापत झाली होती." ते खोटं नाही, पण दुखापत सगळ्यांनाच होते. माझ्याबरोबर पळणाऱ्या मुलींपैकी कुणाचा गुडघा सुजायचा, कुणाच्या पोटऱ्या आखडायच्या. त्या सरळ सांगायच्या, बर्फ लावायच्या आणि आठवड्यानं परत पळायला लागायच्या. माझं दुखायचं ते उजव्या ढुंगणात, आत खोल, पार खुब्यापर्यंत. आज लिहिला तो शब्द, हात झडला नाही माझा. तेव्हा मात्र जीव गेला असता तरी तोंडातून निघाला नसता.

मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनच्या अलीकडं आम्ही तिघी एका खोलीत राहायचो, तिघीही भरतीच्या. दोनदा मी थोडक्यात राहिले होते आणि वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची भरती होती. आई फर्दापूरला होती. लेणी बघायला येणारे लोक उतरतात त्या एका लॉजवर ती चादरी धुवायची. मी तिसरीत असताना वडील गेले आणि तेव्हापासून त्या चादरींवर माझं शिक्षण झालं. मला वर्दी मिळाली की तिनं धुण्यावरून उठायचं, हे आम्ही दोघी कधी बोललो नाही, पण ठरलेलं होतं. म्हणून ती भरती माझ्या एकटीची नव्हती.

आम्हाला शिकवणारे सर फौजेतून निवृत्त झालेले. सकाळी मैदानात आम्हाला रांगेत उभं करायचे आणि ओरडायचे, "कुणाला काय दुखतंय?" आम्ही सगळ्या एका दमात, "काय नाय, सर!" मग पळणं सुरू. हे रोज. सणवारालासुद्धा यात खंड नाही. सुरुवातीला मला त्याची मजा वाटायची, छाती फुगायची. पुढं पुढं ते "काय नाय" म्हणताना मी डाव्या पायावर भार टाकून उभी असायचे.

दुखणं थंडीत सुरू झालं. आधी पळून झाल्यावर ठणकायचं, मग पळताना, मग बसतानाही. शेअर रिक्षात मी एका अंगावर कलून बसायचे, शेजारची बाई म्हणायची, "नीट बस की गं, अंगावर काय पडतेस!" अभ्यासिकेत खुर्चीवर ओढणीची घडी करून ठेवायचे. कूस बदलली की जाग यायची. सहन होत होतं तोवर केलं सहन. पण मग माझं टायमिंग घसरायला लागलं.

सरांच्या नजरेतून ते सुटणार थोडंच? त्यांनी मला बाजूला घेतलं. "काय झालंय? उजवा पाय टाकताना अंग चोरतेस तू."

सर बापाच्या वयाचे, शेजारीच मुलांची तुकडी पाणी पीत उभी. मी मान खाली घातली आणि म्हणाले, "कंबर भरलीय, सर."

एवढंच बोलले मी. सरांचा माझ्यावर जीव होता, ते लगेच कामाला लागले. "कंबर कच्ची आहे तुझी. पक्की करू." दुसऱ्या दिवसापासून मला सगळ्यांपेक्षा जास्त उठाबशा, जास्त बेडूकउड्या, वर कमरेला दोरी बांधून ट्रकचा टायर ओढायचा. प्रत्येक उडीला डोळ्यांपुढं अंधारी यायची. आणि मी मूर्ख, रोज जाताना सरांना "थँक्यू" म्हणायचे.

शेवटी औरंगपुऱ्यात एका डॉक्टरकडं गेले. बोळात दवाखाना, माणसावर माणूस. आत एक पडदा लावलेला, पडद्याच्या अलीकडं चारजण बसलेले, आणि पलीकडचं बोललेलं सगळं अलीकडं ऐकू येतं. डॉक्टर म्हणाले, "बोला." मी म्हणाले, "कंबर." त्यांनी पाठीचा मणका दाबून बघितला, कमरेचा एक्स-रे काढायला लावला. तो स्वच्छ आला, येणारच की! मग गोळ्या लिहून दिल्या, कमरेला पट्टा बांधायला सांगितला आणि एक इंजेक्शन. इंजेक्शन कमरेत दिलं असं आपल्याकडं म्हणतात, देतात कुठं ते सगळ्यांना ठाऊक आहे. नर्सबाईनं विचारलं, "कोणत्या बाजूला देऊ?" मी पटकन डावी बाजू पुढं केली. म्हणजे बघा, दुखण्यापासून वीतभर अंतरावर सुई येऊन थांबली, विचारणारी बाई होती, पडदा होता, आणि मी दुखरी बाजू सलवारीत झाकून घेतली. या अकलेला काय म्हणावं?

आईला फोनवर "कंबर" एवढंच सांगितलं. तिसऱ्या दिवशी फर्दापूरकडून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडं तिनं पिशवी दिली. पिशवीत शेंगदाण्याची चटणी, चार ज्वारीच्या भाकरी आणि तिचा स्वतःचा पट्टा. कित्येक वर्षं ती तो नेसत्या लुगड्यावरून बांधून चादरी धुवायला बसायची. मी फोन केला, "आणि तू काय बांधशील?"

"मला काय, मी हाय घरीच. तुला पळायचंय," ती म्हणाली.

घरीच म्हणे! दिवसभर दगडापाशी उकिडवी बसणारी बाई. पट्ट्याला धुण्याच्या साबणाचा वास होता. मी टी-शर्टच्या आतून तो करकचून आवळला आणि पळत राहिले.

मैदानी चाचणीच्या आदल्या दिवशी आई आली. चाचणीच्या सकाळी तिला मैदानात सोडलं नाही, ती फाटकाबाहेर फुटपाथवर थांबली. आठशे मीटर म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत मी तिसरी होते. खरंच सांगते, तेव्हा वाटलं की झालं, जमलं. दुसऱ्या फेरीत पलीकडच्या वळणावर उजवा पाय टाकला आणि त्याच्यात जोरच राहिला नाही. मी पडले नाही. पडले असते तर बरं, निदान कुणी उचललं असतं. मी लंगडत राहिले आणि ज्यांना मी सहा महिने मागं टाकलं होतं त्या पोरी एकेक करून पुढं गेल्या. रेषेपर्यंत पोचले तेव्हा घड्याळवाल्या मॅडम पुढच्या तुकडीचे नंबर वाचत होत्या.

फाटकाबाहेर आईनं विचारलं, "झालं?"

"नाय झालं."

तिनं माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. "चल, आधी च्या पिऊ." टपरीवर मी लई रडले. चहावाला दुसरीकडं बघत भांडी विसळत राहिला.

खोलीतल्या एका मैत्रिणीनं फिजिओथेरपी करणाऱ्या एका बाईंचा पत्ता दिला. आईला घेऊन गेले. बाईंनी विचारलं, "कुठं दुखतं?" भरती गेली होती, आयुष्यातली एकुलती एक आशा मातीत गेली होती, तरी माझ्या तोंडातून आलं, "कंबर."

"बोट ठेवून दाखव."

मी कमरेवर बोट ठेवलं. त्यांनी दाबलं. मी गप्प. आणखी दाबलं. मी गप्पच. मग त्या उठल्या, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "ए बाई, इथं आपण तिघी बायकाच आहोत. आता खरं बोट ठेव."

मी ठेवलं. त्यांनी तिथं अंगठा दाबला आणि मी किंचाळले.

एमआरआय झाला, आम्ही रिपोर्ट घेऊन परत गेलो. खुब्याच्या हाडाला बारीक चीर होती. बाई म्हणाल्या, पळून पळून असं होतं, पळणाऱ्या मुलींमध्ये त्यांनी खूपदा पाहिलंय. "थंडीत दुखायला लागलं तेव्हाच आली असतीस तर तीन महिने थांबवून परत पळवलं असतं तुला. वेळ होता की तुझ्याकडं. आणि या बेडूकउड्या कुणी सांगितल्या?"

कुणी सांगितल्या? मीच सांगितल्या. "कंबर" म्हणाले तेव्हाच सांगितल्या.

आई कोपऱ्यात स्टुलावर बसून सगळं ऐकत होती. निघताना ती उठली, टेबलाला हात धरून क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग पाय उचलला. लहानपणापासून मी तिला असंच उठताना बघत आले होते. मला वाटायचं, तिची उठायची पद्धतच तशी आहे.

बाईंनी विचारलं, "मावशी, तुम्हाला काय होतंय?"

"काय नाय," आई म्हणाली.

त्या दोन शब्दांनी माझं डोकं फिरलं. ते मी रोज सकाळी रांगेत उभी राहून ओरडत होते. "आई," मी जवळजवळ खेकसलेच, "काय नाय म्हणू नको आणि कंबर बी म्हणू नको. हात ठेव."

आईनं दाराकडं बघितलं. दार लावलेलं होतं. तिनं पदर सावरला, हात मागं नेला आणि कमरेच्या खाली, उजव्या अंगाला, माझं होतं अगदी त्याच जागी ठेवला.

"कधीपासून दुखतंय?" बाईंनी विचारलं.

आईनं माझ्याकडं बोट केलं. "हिच्या येळंला दिवस गेले व्हते ना, तवापासून."

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते.