श्रीरामपूर ते नागपूर, मांडीवर बायबल

शनिवार, ८ नोव्हेंबर. काम एकच: श्रीरामपुरात बांधून घेतलेले मोठे बायबल नागपूरच्या चर्चमध्ये पोचवायचे. बाइंडरने ते ऐनवेळी हातात दिले. पुठ्ठ्यावरचा सोनेरी क्रूस ठीक दिसला. मी पुस्तक चादरीत गुंडाळले आणि गाडीत बसले.

घाईला कारण होते. रविवारी उपासनेनंतर तिथल्या मंडळीत (चर्चच्या सभासदांत) मतदान होते. माझी धाकटी बहीण मार्था मंडळीची सेक्रेटरी. तिला शास्त्रवाचन मोबाइलवरून हवे. सॅम्युएल काकाजी चाळीस वर्षे पुलपिटावरून (उपदेशाचा उंच कट्टा) वाचत आलेले. त्यांच्या मते अधिकार पुस्तकाला, मोबाइलला नाही. पुस्तक पोचले नाही, तर काकाजींची जागाही जाणार होती.

भुसावळला समोरच्या बाईंनी माझ्या मांडीवरच्या गाठोड्यावर खुशाल डबा मांडला. आत बायबल आहे म्हटल्यावर त्यांनी डबा उचलला, गाठोड्याला नमस्कार केला आणि मला अर्धी भाकरी दिली.

सकाळी नागपूर. स्टेशनबाहेर तर्री-पोहे (पोह्यांवर झणझणीत चण्याचा रस्सा) खाल्ले, नाक पुसले आणि जरीपटक्याची रिक्षा धरली.

"काय घेऊन राहिल्या एवढं मोठं, ताई?" रिक्षावाल्याने विचारले.

"बायबल."

"एवढं? आमच्या शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये अख्खं मावते न!"

"मोबाइल खड्ड्यात पडला तर?"

"हे पडलं तर खड्डाच बुजून जाईल."

चर्चच्या दारात काकाजी इस्त्रीच्या कोटात उभे. "काहून उशीर केला वं पोरी?"

"पोहे खाल्ले."

पुस्तक मांडून द्यायला मी पुलपिटावर गेले. काकाजींनी ते मधोमध उघडले आणि मी पानाकडे पाहिले. बाइंडरने पुठ्ठा उलटा बसवला होता! बाहेर क्रूस सरळ, आत सगळी अक्षरे शिरोरेषेवर डोके टेकून उभी. मी तोंड उघडेपर्यंत काकाजींनी सुरुवातही केली. पानावर बोट फिरवत खणखणीत आवाजात त्यांनी अख्खा अध्याय वाचला. पहिल्या बाकावर मार्था मोबाइलमध्ये ओळ न् ओळ ताडून पाहत होती.

उपासना संपल्यावर ती बाहेर पायरीवर आमच्याजवळ आली. "काकाजी, एक कानामात्रा चुकली नाही."

"पुस्तक उलटं होतं," मी म्हटले. लपवून काय उपयोग?

काकाजी पायरीवर बसले. "सरळ असतं तरी मले काय दिसत होतं वं? दोन वर्षं झाली. नात वाचते, मी ऐकून पाठ करतो."

"कशावरून वाचते?" मार्थाने विचारले.

काकाजींनी बुटांकडे पाहिले. "मोबाइलवरून."

मार्था इतकी हसली की पाळकांनी आतून डोकावून पाहिले. मतदानाला मात्र तिनेच ठराव बदलून मांडला: वाचायचे पुस्तकातूनच, वाचणार मार्था, आणि चुका पकडायला पहिल्या बाकावर काकाजी. सगळे हात वर गेले. मला वाटते, अधिकार पुस्तकाचा खरा. पण उघडल्यावर ते कुणाला तरी दिसायला हवे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुठ्ठा उचकटून, खळ लावून सरळ बसवला. दाबायला वर मार्थाचा पाटा ठेवला. खळ वाळेपर्यंत काकाजींना रिक्षात घालून डोळ्यांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. काकाजींनी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत धडाधड म्हणून दाखवला. बाहेर बाकावर बसून आधीच्या चार पेशंटांचे ऐकले होते. मी डॉक्टरांना तक्ता उलटा टांगायला सांगितला.