आमची शाळा स्वावलंबी

"बाबा, या मुलींना पुस्तकं नसतात का?"

"त्यांना काय करायची? हाताला काम आहे की त्यांच्या."

वकिलाची पोरगी अन् वकील. वर्ध्याच्या मोठ्या शाळेत. आमच्या तोंडासमोर बोलले, जशा काई आमी बहिऱ्याच!

आमी सावंगीकडच्या सरकारी शाळेच्या पोरी. मी चौथीत. गुर्जीनं आमाले तिथं पायी आणलं होतं, वकिलासारख्या पाव्हण्यायले सूत कातून दाखवाले. खाली तरटाच्या पट्टीवर बसवलं, हातात टकळी देली. तिथच्या पोरी बाकावर. पाय लोंबवून हलवून राह्यल्या होत्या. आमचे पाय त जनमभर मांडीखालीच! भिंतीवर रंगीत नकाशे. काचेच्या अलमारीत पुस्तकंच पुस्तकं. मी जळली. खरं सांगतो, अशी जळली का वकिलाच्या पोरीची रिबीन ओढून घ्यावं वाटलं.

औंदा आमाले नवे पुस्तकं भेटणार होते. किती वाट पाह्यली मी! अन् एक दिवस गुर्जी म्हणाले, "सरकारचा पैसा बंद झाला. आता सूत कातून शाळेचा खर्च आपणच काढा लागते. आपली शाळा स्वावलंबी झाली."

आमी टाळ्या वाजवल्या. आमाले वाटलं, बक्षीस भेटलं.

घरी मायसंगं कापूस वेचा, शाळेत तोच काता. अन् या मोठ्या शाळेले सरकार पैसा देते. ग्रँट म्हणतात त्याले. वकिलाच्या पोरीले कोणी नाई म्हणत, बाई तू स्वावलंबी हो.

गुर्जी कानाशी आले. "अवं कात ना! पाव्हणे पाहून राह्यले."

मी उठली. टकळी वकिलाच्या पोरीच्या बाकावर ठेवली. म्हणलं, "घे. तू कात. मले तुहं पुस्तक दे."

तिनं पुस्तक छातीशी धरलं. जशी मी चोर.

गुर्जीनं दंड धरून बाहेर काढलं. "नाक कापलं वं तू माहं!"

दुसऱ्या दिवशी शाळेत टकळ्या वाटल्या. मी नाई घेतली.

"मंग आली काऊन?"

"शिकाले."

"पुस्तकं नाई आहेत, माहे बाई!" गुर्जीचा आवाजच फाटला.

"मंग मांगा ना वरतं, सरकारले. तुमी नाई मांगत त मी मांगतो."

माय म्हणते, दुसऱ्याचं पाहून जळू नाई. काऊन नाई जळू? त्यायच्या शाळेले देता तो पैसा आमच्याबी शाळेले द्या. तो येत नाई तोवर मी जळीन. अन् एक धागा कातणार नाई.