आपोआप उघडलेला फोटो

धुळ्यात कोर्टासमोर अर्ज टाइप करून देणारे एक काका होते. मी गेलो त्याच्या आदल्याच दिवशी त्यांच्या कॉम्प्युटरवर नवीन सिस्टीम टाकली होती. स्टार्टचं बटण डावीकडून मधे सरकलं होतं, तरी त्यांचा माउस सवयीने डावीकडेच जायचा आणि ते स्वतःशीच हसायचे.

माझा अर्ज अर्ध्यावर आला आणि पडद्यावर आपोआप एका हसऱ्या बाईचा फोटो उघडला. खाली लिहिलं होतं, ‘जुन्या आठवणी’.

काकांनी टाइप करणं थांबवलं. “हाई आठे कशी उनी?” ते पुटपुटले.

“कोण आली इथे, काका?”

“बायको माझी. वारली तेव्हा हार घालायलाही फोटो सापडला नव्हता.”

“बंद करू?”

“नको, नको! तुमचा अर्ज उद्या केला तर चालेल?”

मी उठलो. त्यांनी पडदा पुसायला रुमाल काढला, पण फोटो जाईल या भीतीने हात तसाच मागे घेतला.