आमच्या खोलीतली जाहिरातवाली

माझ्या रूम पार्टनरने पुण्याबाहेरच्या माण गावात काढलेल्या दोन वर्षांत एकही वस्तू सरळ विकत घेतली नाही. आधी वस्तूचा पंचनामा, मग दुकानदाराचा जबाब, आणि एवढं होऊनही ती निर्दोष ठरलीच तर खरेदी. पुण्यात ती माध्यमांचा अभ्यास करत होती आणि तिच्या प्रबंधाचा विषय होता जाहिरातींची तंत्रं आणि संकेत. कॉलेज शहराच्या मध्यभागी, आणि ही बाई राहायला दीड तास लांब, दोन बस बदलून, माणमध्ये. का, तर म्हणे गावाकडे येणाऱ्या या रस्त्याइतकी होर्डिंग्ज दुसऱ्या कुठल्याच रस्त्यावर नाहीत. लोक पाणी बघून खोली घेतात, हिने होर्डिंग्ज बघून घेतली. मी परभणीहून आयटी पार्कात नोकरीला आलेली, एकटं राहायची भीती वाटायची म्हणून पार्टनर शोधत होते. मिळाली ती ही.

बसमध्ये जाताना डावी खिडकी आणि येताना उजवी तिच्यासाठी राखीव असायची. पलीकडच्या बाजूला एखादं नवं होर्डिंग दिसलं की माझ्या मांडीवरून ओणवी होऊन ती वहीत टिपून घ्यायची. वहीत रकाने होते: भीती, हेवा, आई, पांढरा कोट. तिच्या मते साऱ्या जगाचा व्यापार या चार रकान्यांत बसत होता. माझी दाढ दुखायला लागली तेव्हा ती मोठ्या मायेने दवाखान्यात सोबत आली. मी तोंड उघडून खुर्चीत पडलेली, आणि ही डॉक्टरांना विचारतेय, "हा कोट तुम्ही रोज घालता, की पेशंटला विश्वास वाटावा म्हणून?" डॉक्टरांनी सरळ मशीन सुरू केलं. त्याचा राग त्यांनी माझ्या दाढेवर काढला असं मला आजही वाटतं.

मी एकदा जरा भारीचा शॅम्पू आणला. तिने बाटली फिरवून पाहिली आणि म्हणाली, "तू शॅम्पू नाही आणलास. त्या बाईचे केस आणलेस." माझे केस मुळात चार. ते धुताना मग मला दर वेळी ती बाई आठवायची. शेवटी बाटली तिनेच संपवली, संशोधनासाठी म्हणून. केस तिचे छान झाले.

आमचे घरमालक आबा आणि त्यांच्या घरच्या, म्हणजे काकू. जमीन बहुतेक गेलेली, उरलेल्या जागेत खोल्या बांधून त्या आमच्यासारख्यांना दिलेल्या. संध्याकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत सगळे मालिका बघायला जमायचो. मालिका सुरू झाली की ही भाजी चिरायला उठायची आणि जाहिराती लागल्या की धावत यायची. "आता आई हसेल," ती म्हणायची, आणि पडद्यावरची आई हसायची. "आता पोरगा चिखलात पडेल." पोरगा पडायचा. पहिले चार दिवस काकूंना वाटलं हिला काहीतरी सिद्धी आहे. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुला समदं आदीच ठावं हाय, तर बघतीस कशाला?" तेव्हापासून घरात तिचं नाव पडलं जाहिरातवाली. तिला ते आवडलं होतं.

तिच्या प्रबंधाचा मुकुटमणी मात्र आमच्या फाट्यावरच उभा होता. एका गृहसंकुलाचं भलंमोठं होर्डिंग. मागे उंच इमारती, पुढे हिरवं शेत, आणि शेतात गुलाबी फेटा बांधून तोंडभर हसणारा शेतकरी. तो शेतकरी म्हणजे आमचे आबा. संकुल उभं राहत होतं ती जमीन त्यांनीच विकलेली. आपला नमुना आपल्याच घरमालकाच्या रूपाने मिळाला याचा तिला कोण आनंद झाला. तिने त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं.

तोंडी परीक्षेच्या आधी तिने आम्हालाच श्रोते म्हणून बसवलं. होर्डिंगचा फोटो भिंतीला लावला, हातात पट्टी घेतली. आबा कोपऱ्यात, मांडीवर लेकीची दोन वर्षांची पोर. "शेतकरी इथे सजावटीपुरता आहे," ती सांगू लागली. "त्याच्या हसण्यातून गिऱ्हाइकाला कळतं की जमीन गेल्याचं कुणाला दुःख नाही. फेटा भाड्याचा. हसूही भाड्याचं."

तिला हे सगळं अगदी सुरेख जमलं होतं. मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात आबा बोलले.

"फेटा त्यांचा व्हता, खरं हाय. मला त्यो घट्ट बी व्हत व्हता. पन हासू माजं हाय."

ती पट्टी धरून तशीच उभी राहिली.

"त्यो फोटूवाला सकाळधरनं म्हनतोय, हासा, हासा. मला कुटलं हासू येतंय? लेक पौडला दवाखान्यात, दोन दिस अडलेली. जिमीन तर गेलीच व्हती, तिचं रडून झालं व्हतं. दुपारी पुतन्या गाडीवर आला, म्हनला आबा, पोरगी झाली, दोगी बऱ्या हायेत. मंग मला हासू आवरंना. फोटूवालाच म्हनला, बाबा, आता जरा कमी हासा." त्यांनी मांडीवरच्या पोरीचं झबलं खाली ओढलं. "ही ती."

दीड वर्ष ती त्या माणसाच्या घरात राहत होती, शेजारी बसून टीव्ही बघत होती. त्या हसण्यावर तिने चौदा पानं लिहिली, आणि त्यालाच एकदा विचारावं हे तिच्या डोक्यात आलं नाही. मी तरी कुठे विचारलं होतं म्हणा.

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी वही घेऊन आबांच्या ओट्यावर जाऊन बसली आणि दुपारपर्यंत बसून राहिली. मग तिने प्रकरण नव्याने लिहिलं. तिचे सर म्हणाले, असल्या घरगुती आठवणी प्रबंधात चालत नाहीत, काढून टाका. आयुष्यात पहिल्यांदाच तिने कुणाशी वाद घातला नाही. नुसतं "नाही काढणार" म्हणाली. मार्क कमी पडले. उन्हाळ्यात सामान बांधून ती नांदेडला गावी गेली आणि तिथल्या कॉलेजात शिकवू लागली.

चार वर्षांनी आबा गेले. दहाव्याच्या आधी काकूंनी मला बोलावलं. भिंतीवर लावायला घरात आबांचा एकच धड फोटो होता, कंपनीने दिलेला, गुलाबी फेट्यातला. काकू म्हणाल्या, "ह्यो फेटा त्यांचा न्हाई, बाय. दुसरा बघ की कुटं हाय का." मी जाहिरातवालीला फोन केला. वही घेऊन बसली होती त्या सकाळी ओट्यावर तिने आबांचे फोटो काढले होते, हे मला तेव्हा कळलं.

पोस्टाने पाठव म्हटलं, तर स्वतःच आली. रात्रभर एसटीत बसून, फ्रेम मांडीवर धरून. फोटोत आबा उघड्या डोक्याने बसलेले, हसत नाहीत, नुसते समोर बघतायत. काकूंनी पदराने काच पुसली.

"जेवून जाशील नव्हं?" त्यांनी विचारलं.

ती दहावा होईपर्यंत राहिली.