बिनऔषधाच्या उंदरांची पंगत

मी कडुबा. गाव सिल्लोडकडचं, बिऱ्हाड शहरात, गारखेड्यात. एका फार्मसी कॉलेजात उंदीर सांभाळतो. गावाकडं कुणी विचारलं की 'औषधाच्या संशोधनात आहे' असं सांगतो अन् लेंड्या उचलायचा भाग गाळतो.

आमच्या प्रेरणा मॅडम पीएच.डी. करतात. मन खचलेल्या माणसाला एका झाडपाल्याचं औषध लागू पडंल का, हे त्या उंदरांवर तपासतात. रीत अशी, की उंदराला पाणी भरलेल्या उंच काचेच्या बरणीत सोडायचं. आधी तो पाय मारतो, वर चढू बघतो. मग दमतो, आशा सोडतो अन् नुसता तरंगत राहतो. सहा मिनिटांनी बाहेर काढून त्याला पुसायचं काम माझं. किती वेळ झटला, किती वेळ गप राहिला, हे मॅडम घड्याळ लावून मोजतात. औषधवाला जास्त झटला तर औषधात दम. पण ताडून बघायला आठ उंदीर बिनऔषधाचे लागतात. त्यांना नुसतं मिठाचं पाणी.

इथंच माझं डोकं फिरलं. आमच्याकडं पंगतीत वाढणाऱ्यानं दुजाभाव केला तर माणसं पानावरून उठतात. एका पिंजऱ्याला औषध अन् दुसऱ्याला खारं पाणी, हे मला बघवंना. मग मी दीडशहाणा, मॅडम जेवायला गेल्या की रोज त्या आठांना एकेक करून हातावर घ्यायचो, पाठीवरून बोट फिरवायचो, गूळ-शेंगदाणे द्यायचो अन् गप्पा मारायचो. मक्याचा भाव, जावयाचा तोरा, माझी कंबर. ऐकणारे लई गुणी, एकानंही मधी तोंड घातलं नाय.

घरी मात्र मी मुका. पोरगी सासरी गेल्यापासून बायको, गीताबाई, तासन्‌तास खिडकीत बसून राहायची. मी यायचो, जेवायचो, झोपायचो. संशोधनानं थकतो ना माणूस!

परीक्षेच्या दिवशी माझे आठ असे झटले की औषधवाल्यांच्या बरोबरीला आले. मी आपला मनात खूश. मॅडमचा चेहरा मात्र उतरला. त्यांच्या सरांनी सांगून टाकलं, औषधात काही नाय, विषय बदला. तीन वर्षांची मेहनत पाण्यात गेली. दोन दिवस त्यांनी डबा उघडला नाय. मला नोकरीची धास्ती होती, पण तो बंद डबा बघवंना.

"मॅडम, त्या आठांना मी गूळ-शेंगदाणे दिले," मी म्हणालो. "अन् रोज बोललो त्यांच्याशी."

मॅडम लई भडकल्या. एवढं शिकलेलं माणूस इतकं गावरान भांडू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. सरांनीही चांगला झापला. पण मॅडमनी हातापाया पडून नवे उंदीर मिळवले. मला ताकीद मिळाली, की सगळ्यांना सारखं खाणं, सारखं धरणं अन् तोंडातून अक्षर नाय.

मी तोंड शिवून राहिलो. या खेपेला औषधवाले झटत राहिले. बिनऔषधाचा पहिला उंदीर दुसऱ्या मिनिटालाच थांबला, नाक तेवढं पाण्याच्या वर. मॅडम हसल्या, सरांनी पेढे मागवले. मी त्या उंदराला पुसत होतो अन् मला खिडकीतली गीताबाई दिसायला लागली. लाज वाटली मला. आठ उंदरांची कणव आली, पण घरातलं एक माणूस दिसलं नाय.

त्या दिवशी घरी आल्यावर ताटावर न बसता खिडकीपाशी खुर्ची ओढली अन् गीताबाईला सगळं सांगितलं, झापल्यासकट. ती खिडकीकडं पाठ करून माझ्याकडं वळली. म्हणाली,

"व्हय, पण गूळ-शेंगदाणे कुठंयत माझे?"